साडेनवाचा इन्व्हर्टर

श्रावणातली सकाळ. सात वाजले असतील. फोनवर काकी होत्या.

"रे झिला, तो डबो परत तांबडो झालो मरे."

डबो म्हणजे पडवीच्या भिंतीवरचा इन्व्हर्टर, आणि तांबडा झाला म्हणजे त्याचा हिरवा दिवा जाऊन लाल लागला. काकींचं घर खारेपाटणात, खाडीच्या अंगाला. पुढे चिऱ्याच्या भिंती आणि कौलं, मागे मुलाने घातलेला नवा स्लॅब. त्या स्लॅबवर तीन किलोवॅटचा सोलर. बसवला तेव्हा चार महिने सुरळीत चालला. मिरग लागला आणि हे नाटक सुरू झालं. रात्री पाऊस झाला की सकाळी इन्व्हर्टर रुसायचा, पडद्यावर इन्सुलेशनमध्ये दोष असल्याचं दाखवायचा. साडेनऊला ऊन वर आलं की कोणी हात न लावता आपोआप चालू, आणि मग संध्याकाळपर्यंत मुकाट काम. ज्या रात्री पाऊस नाही, त्या सकाळी तक्रारही नाही.

काकींनी आधी ज्यांनी बसवला त्यांना फोन केला होता. तिकडून उत्तर आलं, आम्ही इथूनच ॲपमधून एक सेटिंग बदलतो, मग हा लाल दिवा येणार नाही. काकी मास्तरीणबाई होत्या, निवृत्त झाल्या तरी वही तपासायची सवय गेलेली नाही. त्यांनी मला विचारलं, "करूक सांगू काय?"

मी म्हटलं, "काकी, थांबा. मी येतंय."

कुत्रा रोज रात्री भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधायचं, की कुंपणाकडे कोण येतंय ते बघायचं? सेटिंग बदलणं म्हणजे तोंड बांधणं. पण हे मला कळायला सत्तावीस वर्षांच्या वायरमनकीतली बरीच वर्षं गेली, तेव्हा ते आधी सांगतो.

मी परवानाधारक वायरमन. आयटीआय केल्यापासून घरांचं फिटिंग, बावीवरच्या मोटारी, जत्रेची आणि गणपतीची रोषणाई, हेच काम. सोलरमध्ये येऊन नऊ वर्षं झाली. सुरुवातीला वाटलं, तारच ती, त्यात नवीन काय? सोलरमध्ये मला सगळ्यात जास्त त्रास दिला तो माझ्याच हाताला लागलेल्या सवयींनी. घरातल्या विजेवर शिकलेला हात छपरावरच्या विजेवर चुकतो.

माझी पहिली चूक ऐका. एका बागायतदाराकडे सौरपंप होता, पॅनल जमिनीवर उभी केलेली. मधे बंद करायला काहीतरी असावं म्हणून मी माझ्या पेटीतला साधा एमसीबी लावला. ३२ अँपिअरचा, चांगल्या कंपनीचा, घराच्या फिटिंगमधून उरलेला. मे महिना, दुपारी साडेबारा, पंप भरात चालू. मी तो एमसीबी खाली केला. नेहमीचा 'कट्ट' आवाज आलाच नाही. तेलात मासा सोडल्यावर येतो तसा चर्र आवाज आला, एमसीबीच्या फटीतून निळा उजेड दिसला आणि प्लास्टिक जळाल्याचा वास. दांडी खाली होती, म्हणजे कागदावर वीज बंद होती. आत मात्र ती हवेतून चालत होती. शेजारी ताडपत्रीवर कोकमाची सोलं वाळत घातली होती. ती ताडपत्री सोलांसकट ओढून आम्ही पॅनलवर फेकली, तेव्हा तो जाळ विझला. सोलं मातीत गेली. त्याचे पैसे त्यांनी माझ्याकडे मागितले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

झालं काय होतं? आपल्या घरात येते ती एसी वीज. तिची सेकंदाला पन्नास आवर्तनं होतात, आणि प्रत्येक आवर्तनात ती दोनदा शून्यावर येते. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा क्षणभर वीज नसतेच. बटण बंद करताना आत ठिणगी उडते ती पुढच्या शून्यावर आपसूक मरते. एमसीबी बनवणाऱ्याने हे धरूनच तो बनवलेला असतो. पॅनलमधून येते ती डीसी. तिला शून्य नाही. दोन पत्रे एकमेकांपासून दूर झाले तरी मधली ठिणगी ताणली जाते, तुटत नाही, आणि आमच्या भाषेत 'आर्क' पेटतो. त्याची उष्णता काही हजार अंशांची असते. तांबं तिथे टिकत नाही, प्लास्टिकची काय कथा?

म्हणून डीसीचा एमसीबी वेगळा येतो. त्यात ही ठिणगी बाजूच्या खणात ढकलून तिचे तुकडे करायला चुंबक बसवलेले असतात. त्यातल्या काहींवर अधिक-उणे अशा खुणा असतात आणि तार उलटी जोडली तर चुंबक ठिणगीला भलत्याच बाजूला ढकलतो. म्हणजे योग्य वस्तू आणूनही ती जळू शकते. हे दुकानदार सांगत नाही, कारण बऱ्याच वेळा त्यालाही ठाऊक नसतं.

दुसरी सवय याहून खोल. घरात फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले तर क्षणात शेकडो अँपिअर धावतात आणि एमसीबी पडतो. या पडण्यावर आमची सगळी भिस्त. शॉर्ट झालं तर पडेल, ही श्रद्धा. आता पॅनल बघा. काकींकडची पॅनल ५४० वॅटची आहेत. असं एक पॅनल भर उन्हात काम करताना साधारण १३ अँपिअर देतं. त्याच पॅनलची दोन टोकं एकमेकांना चिकटवा, पूर्ण शॉर्ट करा. किती जातील? पावणेचौदा. बस, तेवढेच. ऊन जितकं, तितकीच वीज. त्याहून जास्त देणं त्याच्या हातात नाही. फ्यूजला आणि एमसीबीला वाटतं, चाललंय ते ठीकच चाललंय. छपरावर आर्क पेटला तरी खाली पेटीतली एकही दांडी हलत नाही.

मग पेटीत फ्यूज असतो तो कशाला? मोठ्या संचात पॅनलच्या तीन किंवा जास्त माळा शेजारी-शेजारी जोडलेल्या असतात. त्यातली एक माळ बिघडली तर बाकीच्या निरोगी माळा आपली वीज तिच्यात ओततात. तिथे सोलरचा खास फ्यूज कामाला येतो. काकींसारख्या एका माळेच्या घरात तो असला काय आणि नसला काय. मी घरगुती गिऱ्हाइकाला हे सांगतो तेव्हा त्याला वाटतं मी पैसे वाचवतोय. उलट आहे. फ्यूज वाचवणार नाही म्हणून तारेवर जास्त खर्च करा, असं मी म्हणतो.

ही तार वेगळी असते. आतला तांब्याचा बारीक पीळ कल्हई केलेला, त्यावर दोन आवरणं, आणि बाहेरचं आवरण पंचवीस वर्षं उन्हात टिकेल असं. घरफिटिंगची वायर छपरावर दोन उन्हाळे काढते, तिसऱ्याला चिरते. तरी लोक उरलेली घरची वायर वापरतात, आणि ती वापरणारे बहुतेक माझ्यासारखे जुने वायरमनच असतात.

कल्हईवरून आठवलं. आमच्या खारेपाटणचे ताम्रपट इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. शिलाहार राजा रट्टराजाचे, शके ९३०चे, म्हणजे इसवी सन १००८. परदेशाहून येणाऱ्या गलबतांवर किती सोनं कर घ्यायचा, ते त्यात कोरलंय. हजार वर्षं त्या तांब्याने अक्षरं सांभाळली. आणि मी खाडीकाठच्या घरात उघड्या तांब्याचा जोड दिला तर दोन पावसाळ्यांत त्यावर हिरवा थर चढतो आणि जोड तापायला लागतो. वस्तू म्हणून तांबं अमर आहे. जोड म्हणून खाऱ्या हवेत त्याचे दिवस मोजलेले.

जोडांचीच गोष्ट पुढे न्यायला हवी, कारण आगी लागतात त्या तिथे. दोन पॅनल जोडणाऱ्या त्या काळ्या नळीसारख्या वस्तूला आम्ही एमसी-फोर म्हणतो. मल्टी-कॉन्टॅक्ट नावाच्या स्विस कंपनीने ती काढली. त्या नावाची दोन अक्षरं आणि आतली पिन चार मिलिमीटरची, म्हणून फोर. आज तशीच दिसणारी वस्तू बनवणारे ढिगाने आहेत. एका कंपनीचा नर दुसऱ्या कंपनीच्या मादीत बसतो, टक् असा आवाजही येतो, सोयरीक जुळल्यासारखी वाटते. पण मापात केसाएवढा फरक, धातूवरचा मुलामा वेगळा, रबराची कडी सैल. समजा त्या जोडात एक दशांश ओहम एवढाच अडथळा तयार झाला. तेरा अँपिअरचा वर्ग एकशे एकोणसत्तर, गुणिले एक दशांश, झाले सतरा वॅट. शेंगेएवढ्या बंद जागेत सतरा वॅट, रोज पाच-सहा तास. कथील वितळवायची आमची लहान डाखणी पंचवीस वॅटची असते, यावरून अंदाज करा.

आगीचं नाव काढलं की गिऱ्हाईक घाबरतं, म्हणून एक आकडा सांगून ठेवतो. जर्मनीत फ्राउनहोफर ही संशोधनसंस्था आहे. त्यांनी देशातल्या सुमारे १३ लाख संचांचा वीस वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा आगीत सापडलेले साडेतीनशे संच निघाले आणि त्यातल्या एकशे वीस ठिकाणीच आगीचं मूळ सोलरमध्ये होतं. म्हणजे सोलर घरात विस्तव आणून ठेवतो असं मुळीच नाही. पण आपल्याकडे अक्षय्य तृतीयेच्या आत 'बसवून द्या' म्हणून कामं कशी होतात, हेही मी बघितलंय.

आता काकींच्या स्लॅबवर चला.

मी पोचलो तेव्हा आठ वाजले होते, पाऊस नुकता थांबलेला, ढग गच्च. काकी म्हणाल्या, ऊन नाही तर तुला काय सापडणार? हा गैरसमज सगळ्यांचा. ढगात अँपिअर कमी होतात, व्होल्ट फारसे उतरत नाहीत. उजाडलं की पॅनलच्या टोकांना झटका देण्याइतके व्होल्ट आलेच. त्याला बंद करायचं बटण कुठेही नाही. खालचा आयसोलेटर, म्हणजे पेटीतला डीसीचा खटका, बंद केला तर त्याच्या पलीकडची वीज थांबते, अलीकडची, छपरावरची, तशीच उभी असते.

आधी एसीचा एमसीबी बंद, मग डीसीचा आयसोलेटर, मग मीटरने तपासून प्रवाह नाही याची खात्री, आणि नंतरच माळेची दोन टोकं इन्व्हर्टरपासून सोडवली. हा क्रम उलटा करून चालत नाही. चालू प्रवाहात एमसी-फोर ओढला तर मघाचा सोलांवाला प्रकार हातात होतो.

काकींची सहा पॅनल एकाच माळेत. मीटर लावला. टोकाटोकात २९१ व्होल्ट, म्हणजे पॅनलमागे साडेअठ्ठेचाळीस. ठीक. मग मीटरची एक पिन धन टोकाला आणि दुसरी अर्थिंगला.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. घरच्या विजेत न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला बांधलेला असतो, म्हणून फेजला टेस्टर लावला की दिवा लागतो. सोलरची माळ जमिनीला कुठेच बांधलेली नसते, अधांतरी असते. साधा टेस्टर तिथे पेटेलच असं नाही. टेस्टर पेटला नाही म्हणून तार मेलेली समजणाऱ्या वायरमनला मी दोनदा ओरडून थांबवलंय. निरोगी माळेत धन टोक ते अर्थिंग मीटर लावला तर आकडा थोडा उडी मारतो आणि घरंगळत शून्याकडे येतो, कारण जमिनीकडे जायला वाटच नसते.

काकींकडे आकडा घरंगळला नाही. १९३वर ठाण मांडून बसला. ऋण टोक ते अर्थिंग, ९७. दोघांची बेरीज २९०. एक व्होल्ट वाटेत हरवला, त्याचं सोडा. म्हणजे माळेत कुठेतरी तार जमिनीला टेकली होती. आणि कुठे, तेही मीटरने सांगून टाकलं होतं. १९३ला साडेअठ्ठेचाळीसने भागा. चार. धन टोकापासून चार पॅनल सोडून, चौथ्या आणि पाचव्याच्या मधे.

काकी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना मी हा भागाकार वहीच्या पाठीमागे करून दाखवला. म्हणाल्या, "ह्या गणित मी चौथीक शिकवलंय."

चौथ्या पॅनलखाली सरपटत गेलो. तार बांधून ठेवणारा प्लास्टिकचा टाय तुटून पडला होता. पांढरा टाय, घरात वापरतात तो. उन्हात त्याचा कुरमुरा होतो. बाहेर लावायचा टाय काळा असतो, नाहीतर स्टीलचा. टाय तुटल्यावर तार लोंबून खालच्या लोखंडी चॅनलच्या कापलेल्या कडेवर टेकली. वाऱ्याने ती महिनाभर त्या कडेवर घासत राहिली. दोन्ही आवरणं कापली जाऊन आत काळा ठिपका दिसत होता. चॅनलमध्ये आंब्याचं पान अडकून पाणी साचलं होतं आणि तार त्यात बुडालेली. ऊन आलं, पाणी आटलं की साडेनऊला वाट बंद. सगळा उलगडा झाला. रुपया-दोन रुपयांचा टाय.

इन्व्हर्टर रोज सकाळी काम सुरू करण्याआधी माळ आणि जमीन यांच्यामध्ये किती अडथळा आहे ते स्वतः मोजतो. कमी भरला तर चालू होत नाही. त्याची ही मर्यादा सेटिंगमध्ये खाली आणता येते, आणि काकींना तेच सुचवलं होतं.

तसं केलं असतं तर? माळ अधांतरी असताना पहिली गळती सहसा कोणाला काही करत नाही. वीज बाहेर पडली तरी परत यायला दुसरी वाट नसते. ती नुसती थांबून राहते. दुसरी गळती झाली, म्हणजे आणखी कुठे तार घासली, उंदराने कुरतडली, वानराने ओढली, की दोन्हींच्या मधे लोखंडी सांगाडा येतो आणि त्यातून तेरा अँपिअर फिरू लागतात. आणि मघाशी सांगितलं तसं, ते थांबवायला कोणतीही दांडी पडत नाही. किंवा दुसरी गळती म्हणजे माणूस. काकींनी पॅनलच्या खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधली होती. लोखंडी.

ती तार मी आधी सोडली. मग सांगाड्याचं अर्थिंग बघितलं, तर पट्टी रंगावरच आवळलेली. रंग हा इन्सुलेटर, हे सांगायला वायरमन लागू नये. पॅनलच्या ॲल्युमिनिअमच्या चौकटीवरही असाच न दिसणारा थर असतो. तो फोडून आत जाणारा दातेरी वॉशर घालावा लागतो. शिवाय तारेच्या टोकाचा तांब्याचा लग ॲल्युमिनिअमवर थेट आवळला तर ओल्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनिअम कुरतडलं जातं. कल्हईचा लग, स्टेनलेस स्टीलचा बोल्ट.

जखमी तारेवर काळी टेप गुंडाळून भागत नाही. तो तुकडा कापून टाकला, दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे नवे एमसी-फोर लावले, पकडीने न दाबता त्याच्या खास क्रिंपिंगच्या हत्याराने दाबले, आणि तार चॅनलच्या वर, काळ्या टायने बांधली.

अर्थिंगबद्दल आमच्या भागाची एक वेगळी अडचण आहे. सोलरला साधारण तीन खड्डे करतात, एक पॅनल आणि सांगाड्याचा, एक एसी बाजूचा, एक वीजरोधकाचा. खाडीकाठच्या गाळात खड्डा केला तर काम सोपं, माती बारमाही ओली. पण वर सड्यावर जांभा. श्रावणात तिथे मीटर झकास आकडा दाखवतो आणि काम करणारा फोटो काढून निघून जातो. तोच खड्डा वैशाखात मोजा. चिरा सुकून ठणठणीत झालेला असतो आणि आकडा कितीतरी पटींनी चढलेला. आणि गडगडाट कधी होतो? वळवाच्या पावसात, मे अखेरीस, जमीन सर्वांत कोरडी असते तेव्हाच. म्हणून सड्यावर मी खोल जातो, मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइटची माती भरतो कारण ती ओल धरून ठेवते, आणि मोजणी उन्हाळ्यात करायला सांगतो.

वीज थेट घरावर पडणं क्वचित. आसपासच्या माडावर पडली तरी पुरतं. तिचा झटका तारांच्या वेटोळ्यात उतरतो, आणि वेटोळं जेवढं मोठं तेवढा झटका मोठा. धन तार छपराच्या एका कडेने आणि ऋण तार दुसऱ्या कडेने आणली की मधे अख्ख्या छपराएवढं वेटोळं तयार होतं. दोन्ही तारा अंगाला अंग लावून आणल्या तर ते नावालाच उरतं. याला एक पैसाही जास्त लागत नाही, फक्त काम करणाऱ्याच्या डोक्यात असावं लागतं. उरलेला झटका अर्थिंगकडे वळवायला पेटीत एसपीडी असते. तिच्यावर लहानशी खिडकी असते. हिरवी म्हणजे जिवंत, लाल म्हणजे ती तुमच्यासाठी मेली, नवी बसवा.

आता आमच्या आबांचं. एसटीत ड्रायव्हर होते. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा खांब आडवे झाले आणि कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. आबांनी तेव्हाच ठरवलं, सोलर घ्यायचा. पुढे फेब्रुवारी २०२४मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान, आणि त्यांनी घेतला. पहिल्याच पावसात महावितरणची लाईट गेली आणि आबांचा फोन.

"मेल्या, सूर्य डोक्यार आसा, पॅनलां छपरार आसत, आणि माझो पंखो बंद? मगे ह्या घातलंय कित्याक?"

"आबानू, तुमची लाईट तारेत गेली असती तर खांबावर चढलेलो लाईनमन गेलो असतो."

लाईनशी जोडलेला इन्व्हर्टर लाईन गेली की दोन सेकंदांच्या आत स्वतःला बंद करतो. करायलाच लागतं. लाईनमन तार मेलेली समजून चढलेला असतो आणि गावातल्या पन्नास छपरांवरून वीज उलटी आली तर त्याचा जीव जाईल. ज्याला लाईट गेल्यावरही वीज हवी, त्याने बॅटरीचा हायब्रिड संच घ्यावा. मात्र बॅटरीचा स्वभाव पॅनलच्या अगदी उलट. शॉर्ट झालं तर पॅनल कंजूष, बॅटरी उधळी. क्षणात हजारो अँपिअर ओतते. तिथे फ्यूज हवाच, आणि बॅटरीच्या अगदी जवळ हवा. आबा अजून मला माफ करायचे आहेत. विकताना त्यांना कोणी हे सांगितलं नव्हतं, हा त्यांचा राग रास्त आहे.

खारेपाटणच्या बाजारपेठेत आणखी एक गोष्ट. शुक नदीला पूर आला की पेठेत पाणी शिरतं. जुन्या भिंतींवर पाण्याच्या रेघा दिसतात. इन्व्हर्टर आणि पेट्या त्या रेघेच्या हातभर वर लावायच्या, मग डोळ्यांना बरं दिसो वा न दिसो. तारा पेटीत खालूनच घ्यायच्या, आणि शिरण्याआधी खाली झोल द्यायचा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळून झोलाच्या टोकाला गळतं, आत जात नाही. भोकं ग्लँडने बंद करायची. नाहीतर कुंभारमाशी मातीचं घर बांधते, पाल आत शिरते आणि एक दिवस दोन पट्ट्यांच्या मधे आडवी होते. पेटी पाण्यात बुडालीच, तर महावितरणची लाईट गेलेली असली तरी दिवसा तिला हात लावू नका. छपरावर ती वीज तयार होतच असते.

दीड-पावणेदोन लाखांच्या संचात डीसीची पेटी, एसपीडी, चांगली तार, कल्हईचे लग, काळे टाय, सगळं धरून फार मोठी रक्कम होत नाही. तरी भाव कमी करायचा झाला की पहिली कात्री इथेच लागते, कारण पॅनल छपरावर दिसतं आणि लग कोणाला दिसत नाही. दोन कोटेशनमध्ये दहा हजारांचा फरक असेल तर फरक कशात आहे ते विचारा. पॅनलची कंपनी तीच असेल तर तो फरक बहुतेक पॅनलच्या खाली लपलेला असतो.

काकींचा इन्व्हर्टर आता उजाडल्याबरोबर चालू होतो. त्यांनी पडवीच्या दाराआड एक कागद चिकटवलाय, मास्तरणीच्या ठसठशीत अक्षरात: आधी एसी, मग डीसी, छपरावर कोणी जायचं नाही, आणि खाली माझा नंबर. चतुर्थीची साफसफाई काढाल तेव्हा तुम्हीही पेटीच्या काचेतून एसपीडीची खिडकी बघा, आणि रात्रभर पाऊस झाल्यावर तुमचा इन्व्हर्टर किती वाजता जागा होतो ते आठ दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. उशीर होत असेल तर परवानाधारक वायरमनला बोलवा, आणि तो सेटिंग बदलू म्हणाला तर दुसऱ्याला बोलवा.